मागे कोणी नाही

१

ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. कार्पीच्या चौकातल्या बारमध्ये मी आजवर जे काही सांगितलं त्यातलं निम्मं खोटं निघालं, हे मान्य. पण ही खरी. त्या आठवड्यात मी स्वतः काम्पेलला होतो, त्याच हॉटेलात, त्यांच्या शेजारच्या खोलीत. म्हणजे अगदी शेजारच्या नव्हे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तो आठवडाही नव्हे, त्याच्या पुढचा. पण बर्फ तोच होता, लिफ्टवाला तोच होता, आणि अदेल्मोला मी शाळेपासून ओळखतो. तेव्हा नसलो तरी असल्यासारखाच.

अदेल्मो गाविओली आणि त्याचा धाकटा भाऊ लोरिस. सपाट मैदानातल्या आमच्या कार्पीत दोघांचा स्वेटर विणण्याचा छोटा कारखाना. वर्षभर यंत्रांच्या खडखडाटात एकमेकांवर ओरडायचं आणि फेब्रुवारीत आठवडाभर डोंगरात काम्पेलला जाऊन बर्फावर ओरडायचं, असा त्यांचा नेम. आमच्याकडे त्याला 'पांढरा आठवडा' म्हणतात. एकोणीस वर्षं दोघं रोमानाबाईंच्या हॉटेलात उतरले. अदेल्मो अकरा नंबरात, लोरिस बारा नंबरात. जेवायला तेच खिडकीजवळचं टेबल. वाइनच्या बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने खोलीचा नंबर लिहायचा आणि उरलेली बाटली दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पुढ्यात यायची.

एकोणिसाव्या वर्षी लोरिस खिंडीपलीकडे मेला. दुपारी तिथल्या खानावळीत जरा जास्त झाली, वेळेचं भान राहिलं नाही, परतीच्या लिफ्टची शेवटची खुर्ची चुकली, धुक्यात पायी चढायला निघाला आणि ओढ्यात घसरला. पोलिसांना हे अदेल्मोनेच सांगितलं. दुसरं कोण सांगणार?

विसाव्या वर्षी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण लोरिसची बायको निवेस म्हणाली, "मी पण येते. तो मेला ती जागा मला बघायचीये." आता नाही म्हणायला कारण हवं, आणि अदेल्मोकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

"बारा नंबरच द्या," तिने रोमानाबाईंना फोनवर सांगितलं.

वर्षभरात निवेस एकदाही दफनभूमीत गेली नव्हती. कोणी फुलांचं काढलं की म्हणायची, "पिऊन मेलाय. फुलं कशाला, बाटली ठेवा."

२

पहिल्याच दिवशी अदेल्मो खिंड ओलांडून पलीकडच्या खोलगट भागात स्की करायला गेला. मुद्दाम. गेला नसता तर निवेसने विचारलं असतं.

त्या बाजूला दोन सौम्य उतार, एक खानावळ आणि परत खिंडीत आणणारी, दोरावर लटकत्या दोन माणसांच्या खुर्च्यांची जुनी चेअरलिफ्ट, एवढंच आहे. साडेचारला ती बंद होते. बंद करायची त्यांची एक पद्धत आहे. खालचा लिफ्टवाला शेवटच्या माणसाला विचारतो, मागे कोणी आहे का. तो नाही म्हणाला की त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीला एक लाल पाटी अडकवतो. ती पाटी वर पोचली की वरचा लिफ्टवाला समजतो, आता दोरावर कोणी नाही, आणि यंत्र बंद करतो. कागद नाही, सही नाही. शेवटच्या माणसाचा शब्द, बस्स.

गेल्या वर्षीचा लिफ्टवाला त्या प्रकारानंतर नोकरी सोडून गेला होता. नवा माणूस होता सिल्वानो, पन्नाशीचा, जाड मिशांचा, तोंडाने सैल.

"या या, सपाटीवाले," तो म्हणाला. "तुम्हाला बर्फ बघून घरी जावंसंच वाटत नाही. मागे कोणी आहे?"

अदेल्मोने उताराकडे पाहिलं. उतार रिकामा होता, अगदी वरपर्यंत.

"कोणी नाही," तो म्हणाला. तेवढ्यात खुर्ची गुडघ्यांमागे लागली आणि तो उचलला गेला.

अकरा मिनिटांचा प्रवास. आवाज दोनच: खांबावरून जाताना चाकांची खडखड आणि मधल्या टप्प्यात काहीच नाही. चौथ्या खांबापाशी त्याने सहज मागे पाहिलं.

ज्याने वीस वर्षं ह्या खुर्च्यांतून प्रवास केलाय त्याला एक गोष्ट न सांगता कळते. दोन माणसांच्या खुर्चीवर एकटा माणूस बसला की खुर्ची त्याच्या बाजूला कलते. रिकामी असली की सरळ लटकते. अदेल्मो उजवीकडे बसला होता आणि त्याची खुर्ची उजवीकडे कलली होती, ते ठीकच. पण मागची, लाल पाटीची खुर्ची डावीकडे कलली होती.

लोरिस नेहमी डावीकडे बसायचा.

३

वाऱ्यामुळे असेल, असं अदेल्मोने ठरवलं. वारा नव्हता हे त्याला आठवत होतं, तरी ठरवलं.

खोलीवर येऊन तो पलंगावर पडला. साडेपाचची वेळ. हॉटेलाला त्या वेळेला एक विशिष्ट आवाज असतो. खालच्या खोलीत लोक बूट काढतात, नळ वाहतात, स्वयंपाकघरात ताटं वाजतात. स्कीचे बूट वर आणायचे नाहीत अशी रोमानाबाईंची सक्त ताकीद. जिन्यात तशी पाटीच आहे.

आणि भिंतीपलीकडे, बारा नंबरात, स्कीच्या बुटाचा चाप उघडल्याचा आवाज झाला. टक्.

मग दुसरा, तिसरा, चौथा. एका बुटाला चार चाप असतात. अदेल्मो दुसऱ्या बुटाची वाट पाहत राहिला. माणूस एक बूट काढतो, मग दुसरा काढतो. कानाला तीच सवय असते. पण दुसरा बूट निघालाच नाही. नुसती शांतता, भिंतीपलीकडे कोणीतरी दम खात बसल्यासारखी.

तो उठला, बारा नंबरावर टकटक केली. उत्तर नाही. खाली गेला तर निवेस स्वयंपाकघराच्या टेबलाशी रोमानाबाईंबरोबर पत्ते खेळत बसली होती.

"काय रे, चेहरा का असा पडलाय?" निवेस म्हणाली. "पडलास वाटतं? ह्या वयात कपाटासारखं शरीर घेऊन घसरायला जातोस."

कपाट हा शब्द ऐकून अदेल्मोने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कधीपासून बसलीयस इथे?"

"चार वाजल्यापासून हरतेय. तुझी ही बाई लबाड आहे."

"मी लबाड नाही, तुम्हाला खेळता येत नाही," रोमानाबाई शांतपणे म्हणाल्या आणि पान टाकलं.

४

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी अलीकडच्याच उतारावर राहावं. पण अदेल्मो यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. बिघाड दिसला की कारण सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. त्याने विचार केला, खुर्चीच्या डाव्या बाजूला बर्फ साठून गोठला असेल. पाच-सात किलो बर्फ असला की कलणारच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेवटच्या खुर्चीला गेला. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने सिल्वानोला सांगितलं, "पाटी लावायच्या आधी ती खुर्ची जरा झाडून काढा ना."

"का, तुमची मावशी बसणारे?"

"बर्फ असतो डाव्या बाजूला. खुर्ची वाकडी जाते."

सिल्वानोने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हालाही दिसलं होय. वरचा रोज फोन करून माझ्या नावाने ओरडतोय. म्हणतो, माणूस बसलेल्या खुर्चीला पाटी का लावतोस. मी म्हटलं, आंधळा समजतोस का मला? तो म्हणतो, लांबून येताना भरलेली दिसते, जवळ आली की रिकामी." त्याने झाडू उचलला आणि खुर्ची फिरून येताच दोन्ही बाजू खसाखसा झाडल्या. फळ्या कोरड्या झाल्या. "झालं समाधान? मागे कोणी आहे?"

"कोणी नाही."

चौथ्या खांबापाशी अदेल्मोने मागे पाहिलं नाही. पाचव्यापाशी पाहिलं. झाडलेली, कोरडी, रिकामी खुर्ची डावीकडे कलून त्याच्या मागोमाग चढत होती, मध्ये ठरावीक अंतर राखून.

आता तुम्हाला कळायला हवं की गेल्या वर्षी काय झालं होतं. पोलिसांना सांगितलं ते नव्हे.

दुपारी दोघं भाऊ खानावळीत बसले होते. अंड्याची गरम दारू प्रत्येकी एक पेला. अदेल्मो उतारावर वाईट पडला होता, सगळ्यांदेखत. लोरिसने भरल्या टेबलासमोर सांगितलं, "आमचा थोरला स्की करत नाही, जिन्यावरून कपाट उतरवतो." अख्खी खानावळ हसली. अदेल्मो काही न बोलता उठला, आपले हातमोजे टेबलावर विसरला आणि बाहेर पडून लिफ्टकडे निघाला. मागून लोरिसची हाक आली, "अरे मोजे! थांब, आणतो, लिफ्ट थांबवून ठेव!" त्याने ऐकलं. खाली लिफ्टवाल्याने विचारलं, मागे कोणी आहे? भाऊ दोनशे पावलांवर होता, धुक्यात, दिसत नव्हता.

अदेल्मो म्हणाला, "कोणी नाही."

त्याच्या मनात एवढंच होतं की लोरिसला त्या बाजूच्या खालच्या गावात उतरावं लागेल, टॅक्सीने दोन तास वळसा घालून यावं लागेल, जेवणाची वेळ चुकेल. अद्दल घडेल. मग त्याचीही टेबलावर गंमत करता येईल. लोरिस टॅक्सीने न येता चढून येईल हे त्याच्या मनातही आलं नाही. लोरिस सापडला तेव्हा हातांत हातमोज्यांची एक जोडी घातलेली होती आणि छातीच्या खिशात दुसरी.

५

गुरुवारी जेवताना निवेसनेच तो विषय काढला. वाडग्यात सूप होतं, त्यात तरंगणारे पावाचे गोळे, आणि तिने एकही फोडला नव्हता.

"अदेल्मो, मला एक सांग. त्याच्याजवळ हातमोज्यांच्या दोन जोड्या का होत्या?"

"थंडी होती."

"लोरिसला? जानेवारीत खिडकी उघडी टाकून झोपायचा तो."

"प्यायलेल्या माणसाला थंडी जास्त वाजते."

"हं." तिने बाटली उजेडात धरली. "ही तू पितोस का रे लपून? काल लेबलाच्या वरपर्यंत होती."

बाटलीवर पेन्सिलीने बारा लिहिलं होतं. अदेल्मोची अकराची बाटली वेगळी होती, त्याच्या पुढ्यात.

"मी कशाला पिऊ?"

"मग काय भूत पितंय? तुमच्या घराण्यात सगळेच पिणारे." ती हसली, पण ते हसू ओठाबाहेर गेलं नाही. "सगळं वर्ष मी त्याच्यावर चिडून काढलं. कळतंय का तुला? रडलेच नाही. माणूस आजाराने गेला असता तर रडले असते, अपघाताने गेला असता तर रडले असते. दारूने गेलेल्यावर काय रडायचं? त्याचे कपडे मी पोत्यात भरून दिले. फोटो उलटा ठेवलाय. उद्या मला तिकडे घेऊन चल. जागा बघते आणि हा विषय संपवते."

त्या घटकेला अदेल्मो एक वाक्य बोलला असता तर निवेसला तिचा नवरा परत मिळाला असता, मेलेला का होईना. त्याने पावाचा गोळा चमच्याने दोन भागांत कापला, मग चार भागांत कापला.

"चालेल," तो म्हणाला. "उद्या जाऊ."

खोलीत परतल्यावर त्याने भिंतीला कान लावला नाही. तरी निवेस खाली कॉफी पीत असताना चार चाप उघडलेले ऐकू आलेच. आणि मग, पहिल्यांदाच, पाऊल. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता पायमोजा, असं. ठक्... फस्. ठक्... फस्. भिंतीपर्यंत येऊन थांबलं.

६

शुक्रवारी धुकं होतं. निवेसला स्की येत नव्हतं, पण त्या लिफ्टवर पायी माणसालाही बसता येतं. दोघं खाली उतरून खानावळीत गेले. तिने काठावर उभं राहून ओढ्याकडची बाजू पाहिली. मग आत येऊन अंड्याची गरम दारू मागवली आणि तोंड वाकडं केलं. "ह्याने चढते माणसाला? लहान मुलांचं औषध आहे हे."

साडेचारला दहा मिनिटं असताना ते लिफ्टपाशी आले. अदेल्मोने स्की पायात बांधल्या होत्या. भोवती दुसरं कोणी नव्हतं. सिल्वानो पाटी हातात घेऊन उभा होता.

"मागे कोणी आहे?"

निवेस गमतीने वळून पाहू लागली. यंत्राची घरघर चालू होती, एकामागून एक रिकाम्या खुर्च्या वळून जात होत्या.

"आहे," अदेल्मो म्हणाला.

सिल्वानोने पाटी खाली केली. "किती जण?"

"एक."

"कोण?" निवेस म्हणाली. "आपण दोघंच तर होतो."

"लोरिस."

मग त्याने सगळं सांगितलं. कपाट, हसणं, मोजे, हाक, आणि तो एक शब्द. सिल्वानो पाटी छातीशी धरून ऐकत होता.

"किती घेतली होती त्याने?" निवेसने विचारलं.

"एक पेला. माझ्याइतकीच."

"आणि मी वर्षभर त्याला शिव्या घातल्या. दर रविवारी तुझ्या टेबलाशी जेवायला बसून."

"हो."

"तू मीठ पुढे करायचास."

निवेस पुढे गेली आणि आलेल्या खुर्चीवर बसली, अगदी मधोमध, दुसऱ्याला जागा न ठेवता. सिल्वानोने घाईने विचारलं, "बाई, आणि हे साहेब?"

"माझ्या मागे कोणी नाही," ती म्हणाली.

सिल्वानोने अदेल्मोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्या मागच्या खुर्चीला पाटी अडकवली, केबिनचं दार ओढून घेतलं आणि आपल्या वाटेने खालच्या गावाकडे घसरत निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

अदेल्मो पाटीच्या खुर्चीकडे पाहत राहिला. ती वर चढली, पहिला खांब, दुसरा, आणि धुक्यात शिरण्याआधी त्याला नीट दिसली. आठवड्यात पहिल्यांदाच ती सरळ लटकत होती. तिच्यावर बसणारा अजून खालीच होता.

वर कुठेतरी यंत्र थांबलं. आवाज संपला. आणि मग त्याच्या पाठीमागे, खानावळीच्या बाजूने, कडक बर्फावर स्की घासल्याचा आवाज आला. दोनदा आखूड, एकदा लांब. थांबायच्या आधी कोणीतरी नेहमी तसंच घासायचं. धुकं जमिनीपासून हातभर वर उचललं गेलं होतं. अदेल्मो वळला. त्या हातभर मोकळ्या जागेत त्याला दोन स्की दिसल्या, आणि त्यांच्यावर दोन बूट, त्यातल्या एकाचे चारही चाप उघडे लोंबत होते.

७

आता, खरं खरं म्हटलं होतं मी, म्हणून सांगून टाकतो. ह्यात एक भाग माझ्या मनाचा आहे.

ऐकणारे दर वेळी उलटंच धरतात. त्यांना वाटतं खुर्ची मी रचली, चाप मी रचले, आणि कबुली तेवढी खरी. तसं नाही. वाकडी खुर्ची खरी आहे. सिल्वानोला दोन पेले पाजा, तोही सांगेल. रचली ती कबुली. माणूस सगळं हरवून एकदा तरी खरं बोलतो असं ऐकायला बरं वाटतं, म्हणून घातली. ती घातल्यावर त्यापुढचं सगळं आपोआप आलं.

शुक्रवारी सिल्वानोने विचारलं तेव्हा अदेल्मो म्हणाला, "कोणी नाही." नेहमीच्या आवाजात. दोघं एकाच खुर्चीवर बसून वर गेले. चौथ्या खांबापाशी निवेसने मागे पाहिलं आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"अदेल्मो, ती मागची खुर्ची एका बाजूला का झुकलीय?"

"बर्फ साठतो," अदेल्मो म्हणाला.

मला हे कसं कळलं? त्यानेच सांगितलं. एका रविवारी सकाळी, कारखाना बंद असताना, यंत्रांच्या मध्ये उभा राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळ्या कार्पीत त्याने मलाच निवडलं. का, ते तोच म्हणाला: तू सांगितलेलं कोणी खरं मानत नाही.

निवेस अजून त्याच्याकडे दर रविवारी जेवायला जाते. कोणी नवीन पाहुण्याने लोरिसबद्दल विचारलं की ती सांगते, पिऊन मेला. आणि अदेल्मो तिच्या पेल्यात वाइन ओततो.